आमच्यावरून गेलेला ढग

ऑगस्ट २०१८. मारुतीच्या देवळात ग्रामसभा भरली होती. आटपाडी तालुक्यातल्या ऑगस्टच्या ग्रामसभेत टँकर, रोजगार हमी आणि टेंभू उपसा योजनेच्या पाण्याचं आवर्तन एवढेच विषय असतात. त्या दिवशी मात्र शेजारचे तात्या मधेच उठले. "पाण्याचं मागनं बोला. आदी त्या इमानाचं काय करायचं ते सांगा."

सोलापूरला ढगांत विमानानं पावडर मारून पाऊस पाडण्याचा प्रयोग चालू आहे, ही बातमी गावात पोचली होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा तो प्रयोग. तात्यांचं म्हणणं सरळ होतं. ढग आमच्याकडं येतो, विमान घरघर करत येतं, ढग फाटतो आणि पाऊस सोलापूरवाल्यांच्या पदरात पडतो. देवळातल्या निम्म्या माणसांनी आपणही आवाज ऐकल्याचं सांगितलं. पाच मिनिटांत हात वर झाले, ठराव मंजूर झाला: विमाने तात्काळ बंद करावीत. अक्षर बरं म्हणून लिहून पाठवायचं काम माझ्याकडं आलं.

मी एवढंच म्हटलं, की कागदावर तारखा लागतील. कुठल्या दिवशी, किती वाजता विमान आलं, त्या वेळी आभाळ कसं होतं. आठ-पंधरा दिवस द्या, मग पाठवतो. तात्या नाराज झाले, पण थांबले.

त्यांच्यावर हसायची कुणाची छाती नव्हती आणि हसण्यासारखं काही नव्हतंही. त्यांची दीड एकर डाळिंबाची बाग त्या पावसाळ्यात डोळ्यांदेखत वाळत होती. शिवाय हा संशय आमच्या भागाला नवा नाही. २००३-०४ च्या दुष्काळात पवनचक्क्यांनी ढग पळवले असं इकडं सांगली-साताऱ्यात माणसं छातीठोकपणे सांगायची. मीही तेव्हा ते मानत होतो. त्या पवनचक्क्यांची पाती जमिनीपासून शे-सव्वाशे मीटरच्या आत फिरायची आणि पावसाचा ढग त्याच्या कितीतरी वर असतो, हा हिशेब तेव्हा कुणी मांडून दाखवला नाही. ज्याचं रान कोरडं पडलंय त्याला कारण हवं असतं, आणि डोळ्यांसमोर नवीन काय उभं राहिलं तर पवनचक्की. या वेळी विमान.

मी वही घातली. वस्तीवरच्या सात-आठ घरांना सांगून ठेवलं, आवाज आला की मला फोन करा. दोन आठवड्यांत अकरा फोन आले. प्रत्येक फोनला मी बाहेर येऊन आभाळ बघून लिहीत गेलो. वही चाळली तेव्हा दिसलं की अकरापैकी सहा वेळा आभाळ निरभ्र होतं, किंवा अगदी उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग होते. दोन वेळा रात्र होती. बीज पेरायला खाली काळा, वर वाढणारा ढग लागतो. तो नसताना विमान काय करणार? ती नेहमीची प्रवासी विमानं होती. उरलेल्या तीन नोंदींपुढं मी प्रश्नचिन्ह टाकलं.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. एका कचेरीत अर्ज दिला, त्यांनी दुसरीकडं बोट दाखवलं. तिथं म्हणाले, हा विषय आमच्याकडं येत नाही. शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात विचारलं: विमान कुठल्या तारखांना उडालं, आपल्या तालुक्याच्या हद्दीवर आलं का? सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही." अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडं वर्ग करायला कायद्यातच कलम आहे, सहा-तीन. ते दाखवल्यावर तो वर्ग झाला, आणि तिथूनही तसंच उत्तर आलं. मला यात कुणाचा कावा दिसला नाही. आमच्या भागाच्या कुठल्याच टेबलावर हा कागद नव्हता, एवढंच. पण तात्यांच्या मनातला संशय त्या दोन उत्तरांनी दुप्पट झाला. "लपवायचं नसतं तर दिलं असतं का न्हाई?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ऑक्टोबरच्या ३१ तारखेला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा होताच. दिवाळीत मी पुण्याला भाच्याकडं गेलो. त्याच्या इमारतीत हवामान खात्यात हयात घालवलेले एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्यापुढं वही ठेवली. त्यांनी पानन् पान वाचलं. मला वाटलं होतं दोन मिनिटांत वाटेला लावतील. अडीच तास बसवून घेतलं.

त्यांनी आधी ढग समजावला. ढगातला थेंब इतका बारीक असतो की तसे साधारण दहा लाख एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. सह्याद्री ओलांडून आमच्याकडं आलेल्या हवेत धूळ-धूर मिसळला की थेंब पुष्कळ होतात, पण सगळे सारखे बारीक. एकमेकांवर आदळत नाहीत, मोठे होत नाहीत. ढग काळा दिसतो आणि तसाच पुढं निघून जातो. हे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माणदेशात प्रत्येकानं जन्मभर हेच बघितलंय. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडला पाचशेची मारामार.

विमान काय करतं, तर अशा उभ्या ढगाच्या बुडाशी कॅल्शियम क्लोराइडसारख्या मिठाच्या नळकांड्या पेटवतं. मिठाचे कण पाणी ओढतात, काही थेंब इतरांपेक्षा मोठे होतात, खाली येता येता बारक्यांना गोळा करतात. ढगाचा माथा उंच, पाणी गोठण्याइतक्या थंड हवेत गेलेला असेल तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात, कारण त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या स्फटिकाशी जुळते. ही युक्ती अमेरिकेत १९४६ च्या सुमारास सापडली. म्हणजे विमान ढग फोडत नाही आणि ढग आणतही नाही. ज्या ढगात पाणी आहे त्याला थोडं ढोसतं.

"आणि सोलापूरच्या प्रयोगात," ते म्हणाले, "प्रत्येक ढगात पेरत नाहीत. योग्य ढग दिसला की त्यात पेरायचं की नुसतं बघायचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. एक विमान पेरतं, दुसरं ढगाची मापं घेतं. खाली रडार. मग पेरलेल्या आणि न पेरलेल्या ढगांचा पाऊस शेजारी शेजारी ठेवायचा." मला हे ऐकून बरं वाटलं. बियाण्याची चाचणी घेताना आपणही एक वाफा बिनऔषधाचा ठेवतोच की.

मग मी गावाचा प्रश्न विचारला. आमचा ढग तिकडं नेला का?

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला. डावीकडं सह्याद्री, मधे आटपाडी, उजवीकडं सोलापूर. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून पूर्वेला. "ढग तुमच्यावरून आधी जातो, सोलापूरला मागाहून. तुमच्या डोक्यावरून गेलेल्या ढगात त्यांनी पेरलं, तर तुमचं काय गेलं? तुमच्यावर तो पडलाच नव्हता." असा उभा ढग तास-दीड तास जगतो, त्यात वाऱ्याबरोबर वीस-तीस किलोमीटर सरकतो. सोलापूर आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटर. तिथलं मीठ आमच्या ढगाला लागायचं म्हटलं तरी लागत नाही.

मी म्हटलं, "साहेब, पण आमचं पोट श्रावणावर नाही. आमचा पाऊस परतीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीज कडाडत येतो आणि बऱ्याचदा पूर्वेकडून येतो. पंढरपूर-सांगोल्याच्या अंगानं."

ते थांबले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हा प्रश्न बरोबर आहे."

अडीच तासांतलं हे वाक्य मी जपून आणलं. त्यांनी पुढं सांगितलं ते असं. ढग म्हणजे भरलेली टाकी नव्हे, की एकानं तोटी सोडली तर दुसऱ्याला कमी. ढगाला खालून सतत बाष्प मिळत असतं, आणि डोक्यावरून जाणाऱ्या बाष्पाचा थोडाच हिस्सा पाऊस होऊन खाली येतो. त्यामुळं एका तालुक्यावर पेरल्यानं शंभर किलोमीटरवरचा तालुका कोरडा पडेल, याला काही आधार नाही. पण अगदी लगतच्या पट्ट्याचं काय होतं, पाऊस घटतो की थोडा वाढतो, यावर जगभरचे शास्त्रज्ञ अजून एका मतावर आलेले नाहीत. कारण साधं आहे. पेरलेल्या जागी मोजायला यंत्रं लावतात, शेजारी मोजायला फारसं कुणी जात नाही.

भांडणं मात्र सगळीकडं आहेत. अमेरिकेत १९७७ साली वॉशिंग्टन राज्यानं ढगात पेरणी करायची म्हटल्यावर शेजारच्या आयडाहोनं ढगचोरीचा आरोप केला. २०१८ च्याच जुलैत इराणच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं इस्रायल आमचे ढग चोरतो म्हणून जाहीर सांगितलं, आणि त्याच देशाच्या हवामान खात्याच्या प्रमुखानं ते शक्य नाही म्हणून खोडून काढलं. आमच्याकडं कृष्णेच्या पाण्याचे लवाद दोन झाले. कुणाला किती टीएमसी, सगळं लिहिलंय. ढगाबद्दल त्यात काही नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "गावात पर्जन्यमापक किती?"

एकही नव्हता. आमचा पाऊस मंडलाच्या ठिकाणी मोजला जातो, आमच्यापासून अकरा किलोमीटरवर. विमा, दुष्काळ, सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या मे अखेर, आम्ही वर्गणी काढून पाच साधे पर्जन्यमापक आणले. माळावरची वस्ती, ओढ्याकाठ, शाळा, तात्यांचा मळा आणि शिवेवरची धनगरवस्ती. बसवण्यातच दोन दिवस गेले. झाडापासून, भिंतीपासून लांब; तोंड अगदी पाणसळीत. नाहीतर वाऱ्याचा पाऊस एका बाजूनं जातो. धनगरवस्तीवर मेंढरं अंग घासून पाडतील म्हणून भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, देशभर हवामान खात्याची तीच वेळ. डबा उचलून पाणी मापात ओतायचं, माप डोळ्यांच्या रेषेत धरायचं. काचेला चिकटून पाणी कडेनं थोडं वर चढतं; आकडा मधल्या खोलगट भागाचा घ्यायचा. तात्यांना हे दाखवताना ते पहिले चार दिवस कडेचाच आकडा सांगत होते. शून्य असलं तरी लिहायचं, न मोजलेला दिवस आणि शून्याचा दिवस वेगळा, हे पटायला सगळ्यांनाच महिना लागला.

आणि मग जे दिसलं त्यानं मी हादरलो. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी सर आली. सकाळी ओढ्याकाठी २३ मिलिमीटर. माळावर ४. दोन डब्यांत अंतर दोन किलोमीटर सुद्धा नाही. धनगरवस्तीवर नुसता शिपका, मापात तळाला ओल. मंडलाच्या नोंदीत त्या दिवशी शून्य. कुठलं विमान आलं नव्हतं, कुठलं मीठ पडलं नव्हतं. एकाच गावात, एकाच सरीत पाच-सहापट फरक. अशा पावसात विमानामुळं थोडं वाढलं की घटलं हे एका माणसाच्या नजरेला कळणं शक्यच नाही. शास्त्रज्ञांना शेकडो ढग का मोजावे लागतात, हे मला पुण्यातल्या अडीच तासांपेक्षा त्या दोन डब्यांनी जास्त समजावलं.

तात्या बराच वेळ दोन्ही आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या मळ्याचा पाऊस ओढ्यानं चोरला म्हनायचं का?"

त्या वर्षीचा ऑगस्ट आमच्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. माझा चुलत भाऊ तिथं, दुसऱ्या मजल्यावर चार दिवस अडकून. त्याच आठवड्यात आमच्याकडं जनावरं छावणीत दावणीला होती आणि टँकर चालू होते. एकच जिल्हा, मधे जेमतेम नव्वद किलोमीटर. आणि ९ ऑगस्टला तेव्हाच्या औरंगाबादेतून मराठवाड्यासाठी ढगात पेरणारं विमान उडालं. भावानं फोनवर विचारलं, "ही विमानंच नाहीत ना रे या पुराला कारण?" त्याच्या घरात छातीएवढं पाणी, मी त्याला शास्त्र काय सांगू? एवढंच म्हटलं, की पाऊस कोयना-महाबळेश्वरच्या डोंगरावर कितीतरी दिवस कोसळतोय, तो समुद्रावरून येतोय, तिथं कुणी पेरायला गेलेलं नाही. आणि तेवढा पाऊस पाडायची ताकद विमानात असती तर आमची छावणी केव्हाच उठली असती.

सोलापूरच्या प्रयोगाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पेरलेल्या ढगांखाली, वाऱ्याच्या दिशेनं सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. मी हे ग्रामसभेत वाचून दाखवलं आणि फळ्यावर हिशेब मांडला. शंभर चौरस किलोमीटर म्हणजे दहा बाय दहा किलोमीटरचा तुकडा. दहा मिलिमीटरची सर असेल तर पेरल्यावर अकरा पूर्णांक आठ. एक मिलिमीटर म्हणजे एकरी चार हजार लिटर, तर वाढलेलं पाणी एकरी सात हजार लिटरच्या आसपास. टँकरच्या भाषेत एक बारका टँकर. पण दहाच्या जागी शून्य असेल, तर शून्याचे अठरा टक्के शून्यच. ज्या वर्षी आम्हाला सगळ्यात गरज, त्या वर्षी पेरायला ढगच नसतात.

त्याच सभेत एका पोरानं उठून मागणी केली, मग आपल्यावर पण पेरा की, शेजाऱ्यांचं बघतील शेजारी. टाळ्या पडल्या. मी माझ्या बहिणीचं नाव घेतलं. आक्का सांगोला तालुक्यात दिलीय. आषाढ-श्रावणात आमच्यावरून गेलेला ढग तासाभरात तिच्या शिवारावर असतो. "आपण इथं पेरलं आणि उद्या आक्का माहेराला आली, म्हणाली दादा, आमचा पाऊस तुम्ही काढून घेतला, तर मी तिला काय दाखवू? माझ्याकडं तिच्या रानातला एक तरी आकडा आहे का?" सभा गप्प झाली. जवळजवळ प्रत्येकाची एखादी लेक-बहीण तिकडं आहे.

जुना ठराव मागं घेऊन नवा लिहिला, या वेळी तात्यांनी सुचवला. पुढं कधीही या भागात किंवा लगतच्या तालुक्यांत ढगांत पेरणी होणार असेल, तर आधी ग्रामपंचायतींना कळवावं. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या टापूत पेरलं ते नंतर जाहीर करावं. आणि पेरण्याच्या टापूत जितके पर्जन्यमापक, तितकेच त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात, सगळ्या बाजूंनी, बसवावेत. परतीच्या पावसासाठी पश्चिमेला सुद्धा. "विमाने बंद करावीत" हे वाक्य काढलं. ते खोडताना तात्यांनीच माझ्याकडून पेन घेतलं.

ठरावाची पोच आहे, जावक क्रमांक आहे. उत्तर आलेलं नाही. दर तीन महिन्यांनी मी स्मरणपत्र टाकतो.

आक्काला भाऊबीजेला सहावा डबा दिला. साडी पण दिली, पण तिनं डबा आधी उघडला. आता पावसाळ्यात रोज पावणेनऊला तिचा फोन असतो. आधी आकडा, मग पोरांची चौकशी. परवा तिच्याकडं ११, आमच्या माळावर ३, तात्यांच्या मळ्यात ७. मधल्या गावांत कुठंच डबा नाही, म्हणून तिच्या दिराला सातवा हवाय. वर्गणी चालू केलीय.